जंगाल, मोरचूद आणि ताम्रभस्म : दधिपरीक्षेमागील रसायनशास्त्र

ताम्रभस्म सिद्ध झाले की नाही हे ठरविताना ते चिमूटभर घेऊन दह्यात किंवा लिंबूरसात टाकावे, आणि दही हिरवे वा निळसर न झाल्यास भस्म निर्दोष समजावे, हा पाठ आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत गिरविलेला आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो लिहून गुणही मिळविले आहेत. परंतु दही हिरवे का होते, त्या हिरव्या रंगात नेमके कोणते द्रव्य असते, आणि दही पांढरेच राहिले तर त्यावरून काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही, याचा विचार सहसा होत नाही. भस्म रुग्णाच्या पोटात जाणार असल्याने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. म्हणून ताम्राच्या काही संयुगांचा, विशेषतः जंगाल या द्रव्याचा, परिचय करून घेऊन मग दधिपरीक्षेकडे वळू.

१. कळकणे म्हणजे काय?

तांब्यापितळेच्या कल्हई नसलेल्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती ‘कळकते’, हे आपल्या आजीला कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते. कळकलेल्या पदार्थाला तुरट, धातूसारखी चव येते, भांड्याच्या कडेला हिरवट वलय दिसते आणि तो पदार्थ खाल्ल्यास मळमळ व वांती होते. कल्हईवाला गावोगाव फिरत होता तो यासाठीच. कथिलाचा पातळ थर तांबे आणि अम्ल यांची गाठ पडू देत नाही.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. जस्त किंवा लोखंड सौम्य अम्लात टाकले असता हायड्रोजनचे बुडबुडे निघतात व धातू विरघळतो. तांब्याचे तसे होत नाही. शुद्ध तांबे हवेवाचून सौम्य अम्लात जवळजवळ अबाधित राहते. ते विरघळण्यासाठी प्राणवायू लागतो. प्राणवायू तांब्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइड तयार करतो आणि अम्ल त्या ऑक्साइडचा क्षार बनविते. म्हणूनच हिरवे वलय भांड्याच्या तळाशी न दिसता ताक, तांबे आणि हवा यांचा जेथे संगम होतो त्या कडेवर दिसते. याच कारणाने खळखळून उकळणाऱ्या पदार्थापेक्षा रात्रभर थंड राहिलेला आंबट पदार्थ अधिक कळकतो. उकळताना द्रवातील विरघळलेली हवा निघून जाते, थंड होताना ती पुन्हा शिरते.

२. जंगाल : ताम्र आणि शुक्ताम्ल

शुक्त म्हणजे शिरका. त्यातील मुख्य अम्ल म्हणजे ॲसिटिक अम्ल. तांबे, हवा आणि शिरका यांच्या संयोगाने जे हिरवे-निळे द्रव्य तयार होते त्याला फारसी ‘जंगार’ या शब्दावरून मराठीत जंगाल म्हणतात. जंगाली रंग हा शब्दही त्यावरूनच रूढ झाला. युनानी वैद्यकात जंगार मलमांत वापरले जात आले आहे. युरोपात फ्रान्समधील माँपेलिए हे शहर या द्रव्यासाठी प्रसिद्ध होते. तेथील स्त्रिया घरच्या तळघरांत तांब्याचे पत्रे आणि आंबलेला द्राक्षांचा चोथा यांचे एकावर एक थर रचून जंगाल तयार करीत आणि रंगाच्या व्यापाऱ्यांना विकत.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने जंगाल हे एकच द्रव्य नाही. त्याचे दोन प्रकार मानावे लागतात. पहिला उदासीन कॉपर ॲसिटेट. हा गडद निळसर हिरव्या स्फटिकांच्या रूपात मिळतो, थंड पाण्यात शंभर मिलिलिटरला सुमारे 7 ग्रॅम विरघळतो आणि त्यात तांब्याचे प्रमाण सुमारे 31.8 टक्के असते. दुसरा अल्कधर्मी कॉपर ॲसिटेट. यात ॲसिटेटबरोबर तांब्याचा हायड्रॉक्साइडही असतो. बाजारातील परंपरागत जंगाल बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते आणि पाण्यात पूर्णपणे विरघळत नाही. उदासीन ॲसिटेटच्या रेणूची रचना 1953 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित झाली. त्यात तांब्याचे दोन अणू अगदी जवळ बसलेले असून चार ॲसिटेट गट पाणचक्कीच्या पात्यांप्रमाणे त्यांना चहूबाजूंनी जोडून ठेवतात. उदासीन ॲसिटेट तापविल्यास प्रथम त्यातील पाणी जाते आणि अधिक उष्णतेने ॲसिटिक अम्लाची तीव्र वाफ निघते. जंगालाचे ऊर्ध्वपातन करून तीव्र ॲसिटिक अम्ल मिळविण्याची रीत पाश्चात्त्य किमयागारांना माहीत होती.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जंगालासारखाच हिरवा दिसणारा, ॲसिटेट आणि सोमल यांच्या संयोगाने बनलेला कॉपर ॲसिटो-आर्सेनाइट हा रंग एकोणिसाव्या शतकात युरोपात रंगकामासाठी व पुढे कीटकनाशक म्हणून वापरला गेला. तो जहाल विष आहे. तेव्हा रंगविक्रेत्याकडील कोणतेही हिरवे चूर्ण ‘जंगाल’ या नावावर विश्वासून मलमात घालणे, मग ते मलम बाह्योपचारासाठी का असेना, सर्वथा वर्ज्य समजावे.

३. तुत्थ अर्थात मोरचूद

तांब्याच्या क्षारांपैकी आपल्या नित्य परिचयाचा क्षार म्हणजे मोरचूद. रसरत्नसमुच्चयाने सस्यक हे आठ महारसांत गणले आहे आणि मोराच्या कंठाची उपमा त्याच्या रंगास दिली आहे. मोरचूद म्हणजे स्फटिकजलयुक्त कॉपर सल्फेट. यात तांबे सुमारे 25.5 टक्के व पाणी सुमारे 36 टक्के असते. तापवीत गेल्यास हे पाणी टप्प्याटप्प्याने जाते आणि 200 अंश सेल्सिअसच्या पुढे निळा स्फटिक पांढरे चूर्ण होऊन बसतो. त्यावर पाण्याचा थेंब पडताच निळा रंग परत येतो. 600 अंशांहून बऱ्याच अधिक तापमानात गंधकाचे वायू निघून जातात व काळा ताम्र ऑक्साइड शिल्लक राहतो.

सस्यकाचे सत्त्व इंद्रगोपासारखे, म्हणजे मृगाच्या किड्यासारखे तांबडे असते, असे रसग्रंथांत म्हटले आहे. हे सत्त्व म्हणजे धातुरूप तांबेच होय. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 व 1909 साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या दोन खंडांत अशा अनेक प्रक्रियांचा आधुनिक अर्थ लावला. राय यांचा 1887 सालचा एडिंबरा विद्यापीठाचा प्रबंधही ताम्रवर्गीय धातूंच्या संयुक्त सल्फेटांवरच होता, हा योगायोग लक्षणीय आहे.

नागपूर परिसरात ताम्र हा विषय परका नाही. रामटेकजवळच्या टेकडीशी नागार्जुनाचे नाव परंपरेने जोडले गेले आहे. जुन्या मध्य प्रांतातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्तान कॉपर लिमिटेडची मोठी खाण आहे. तेथील मुख्य खनिज ताम्र, लोह व गंधक यांचे संयुग असून आपण ज्याला स्वर्णमाक्षिक म्हणतो तेच ते होय. आणि मोरचूद तर आपल्या संत्रा उत्पादकांच्या घरोघरी असते. डिंक्या रोगावर संत्र्याच्या खोडाला लावण्याचा बोर्डो मलम मोरचूद व चुना यांचाच बनतो. फवारणीच्या 1 टक्का मिश्रणासाठी 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद व 1 किलो चुना घेतात. मिश्रण तयार झाल्यावर शेतकरी त्यात लोखंडी सुरी किंवा विळा बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे ताम्र शिल्लक आहे असे समजून आणखी चुना घालतो. लोह स्वतः विरघळते आणि ताम्राला धातुरूपात बाहेर काढते, हा या परीक्षेचा अर्थ. ही साधी कसोटी आपल्याही उपयोगाची आहे. ती पुढे येईलच.

कृषी सेवा केंद्रात मिळणारे मोरचूद शेतीसाठी असते. त्यात लोह, जस्त, निकेल, शिसे, सोमल यांची अशुद्धी किती असावी यावर औषधासारखे बंधन नसते. जात्यादि तेलासारख्या कल्पातही ते वापरू नये. जात्यादि तेलाचा वा घृताचा हिरवा रंग हा तुत्थातील ताम्र आणि स्नेहातील मेदाम्ले यांच्या संयोगाने येतो, म्हणजेच तुत्थातील ताम्र त्या तेलात उतरलेले असते. जे ताम्राबाबत घडते ते शिशाबाबतही घडू शकते.

४. शोधनद्रवांत काय घडते?

सामान्य शोधनात तांब्याचे पातळ पत्रे तापवून तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुळिथाचा काढा यांत प्रत्येकी सात वेळा विझवितात. तापलेल्या पत्र्यावर काळा ऑक्साइड जमतो व विझविताना त्याचे पापुद्रे सुटतात. तक्र आणि कांजी यांतील लॅक्टिक व ॲसिटिक अम्ले हा ऑक्साइड विरघळवितात. त्यातून लॅक्टेट आणि ॲसिटेट, म्हणजे एका अर्थी जंगालच, तयार होते व द्रव हिरवट होतो. जुन्या गोमूत्रात युरियापासून अमोनिया झालेला असतो. त्यात ताम्र गडद निळ्या रंगाने उतरते. अशा रीतीने प्रत्येक विझवणीत पृष्ठभाग धुतला जाऊन नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि पत्रा ठिसूळ होत जातो. शोधनानंतर पत्र्यांचे वजन घटते, त्यात आश्चर्य नाही.

मात्र हे वापरलेले द्रव म्हणजे ताम्रक्षारांची द्रावणे आहेत, हे अनेक ठिकाणी विसरले जाते. ती नाल्यात, विहिरीजवळ किंवा गुरांच्या वाटेवर ओतू नयेत. ताम्र मासे व जलचरांना अत्यल्प प्रमाणातही घातक आहे. द्रवात लोखंडाचा भंगार कीस घालून एक-दोन दिवस ठेवावा, म्हणजे बरेचसे ताम्र त्यावर जमते. नंतर चुन्याची निवळी घालून उरलेले ताम्र साक्याच्या रूपात खाली बसवावे आणि तो साका वेगळा काढून धोकादायक कचऱ्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी.

५. भस्म : ऑक्साइड की सल्फाइड?

शुद्ध ताम्र व कज्जली यांच्या योगाने पुटे देऊन केलेल्या भस्मात ताम्र प्रामुख्याने गंधकाशी संयोग पावलेले, म्हणजे सल्फाइडच्या रूपात आढळते. पुट उघडे राहिले, आच फार झाली किंवा गंधक कमी पडले तर ऑक्साइडचे प्रमाण वाढते. दोन्ही चूर्णे काळसर. दोन्ही वारितर व रेखापूर्ण होऊ शकतात. डोळ्यांना भेद कळत नाही.

आता एक मौजेची गोष्ट पाहा. ताम्राचा काळा ऑक्साइड घेतल्यास त्यात तांबे 79.9 टक्के असते. दोन अणू ताम्र व एक अणू गंधक असलेल्या सल्फाइडातही ते 79.9 टक्केच असते. म्हणजे ‘भस्मात ताम्र सुमारे 80 टक्के’ एवढाच अहवाल प्रयोगशाळेने दिला, तर त्यावरून भस्म ऑक्साइड आहे की सल्फाइड, हे मुळीच सांगता येत नाही. आणि रुग्णाच्या दृष्टीने भेद तर येथेच आहे. ऑक्साइड अम्लात विरघळतो. सल्फाइड सौम्य अम्लात जवळजवळ विरघळत नाही. अर्धी गुंज, म्हणजे सुमारे 60 मि.ग्रॅ. भस्म जर सर्वस्वी ऑक्साइड असेल, तर जठराम्लात त्यातून 48 मि.ग्रॅ.पर्यंत ताम्र मोकळे होऊ शकते. प्रौढ माणसाची ताम्राची रोजची गरज 1 ते 2 मि.ग्रॅ.च्या आसपास आहे, हे लक्षात घेता या आकड्याचे गांभीर्य ध्यानी येईल.

विषात एकच दोष पण ताम्रात आठ, असे रसाचार्य बजावतात आणि त्या दोषांत वांती व भ्रांती यांचा प्रामुख्याने निर्देश करतात. अम्लात विरघळणारे ताम्र जठराच्या अंतस्त्वचेस क्षोभवून वांती उत्पन्न करते. दह्याची कसोटी वस्तुतः याच वांतिदोषाची कसोटी आहे, असे म्हणता येईल. अमृतीकरणात पुन्हा गंधक देण्याचा जो विधी आहे, तोही शिल्लक ऑक्साइडाचे सल्फाइडात रूपांतर करणारा म्हणून रसायनदृष्ट्या सयुक्तिक दिसतो.

६. परीक्षा कशी करावी?

दधिपरीक्षा उरकून टाकण्याऐवजी पुढीलप्रमाणे केल्यास ती विश्वसनीय होते.

(अ) काचेच्या तीन वाट्या घ्याव्यात. धातूचे भांडे किंवा चमचा वापरू नये. पहिल्या वाटीत नुसते दही, दुसरीत दही व भस्म, तिसरीत दही व मोरचुदाचा अगदी छोटा कण ठेवावा. पहिली व तिसरी वाटी तुलनेसाठी आहे; तिच्यावाचून फिकट हिरवी छटा ओळखताना मनाची फसगत होते.

(आ) दही आंबट व ताजे असावे. वाट्या झाकून 24 तास ठेवाव्यात व दिवसाच्या प्रकाशात पाहाव्यात.

(इ) हाच प्रयोग लिंबूरसात करावा. दह्यापेक्षा लिंबूरसाची अम्लता पुष्कळ अधिक असून ती जठराम्लाच्या जवळ जाते. दह्यात उत्तीर्ण झालेले भस्म लिंबूरसात अनुत्तीर्ण होऊ शकते. तसे झाल्यास ते अनुत्तीर्णच मानावे.

(ई) लिंबूरस गाळून घ्यावा. गाळलेल्या रसाचे दोन भाग करून एकात लिकर अमोनिया, वास टिकून राहीपर्यंत, थेंबथेंब घालावा. ताम्र असल्यास निळा रंग येतो.  दुसऱ्या भागात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा तासभर ठेवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास ताम्र मोकळे आहे हे निश्चित.

(उ) जुन्या साठ्याची परीक्षा पुन्हा करावी. ताम्राचे सल्फाइड दमट हवेत हळूहळू ऑक्सिजन घेऊन सल्फेट, म्हणजे पुन्हा मोरचूद, होऊ लागते. पावसाळ्यात सैल झाकणाखाली राहिलेले भस्म तयार झाले त्या दिवशी उत्तीर्ण होते, एवढ्यावर ते आज देता येत नाही.

ही परीक्षा काय सांगत नाही, तेही स्पष्टपणे जाणून घेतले पाहिजे. ती पारद सांगत नाही, शिसे सांगत नाही, सोमल सांगत नाही. सोमनाथी ताम्रासारख्या कल्पांत हरताळ व मनःशिळा असल्याने सोमलाची तपासणी प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी लागते. भंगारातील तांब्याला डाखाचे शिसे व कथिल चिकटलेले असते. दही त्याविषयी मौन बाळगते. म्हणून कच्चा माल विद्युत्-शुद्ध तांब्याचाच घ्यावा. दधिपरीक्षा हे भस्माच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नसून त्या मार्गावरील पहिली चौकी आहे.

७. पुण्याचा धडा

मोकळे ताम्र बालकाच्या यकृताचे काय करू शकते याचा धडा महाराष्ट्रातच मिळालेला आहे. भारतीय बालयकृत-काठिण्य हा व्याधी एके काळी आपल्याकडे अनेक कुटुंबांतील मुले हिरावून नेत असे. या मुलांच्या यकृतात ताम्राचा प्रचंड संचय आढळे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा मागोवा घेतला. पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले वरचे दूध फार लवकर सुरू केले जाणे हे संभाव्य कारण म्हणून त्यांनी 1983 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. पुढे भांडी बदलत गेली, स्टील आले आणि हा व्याधी जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातील टायरॉल भागातही कल्हई नसलेल्या ताम्रपात्रांतील दुधामुळे अशीच बालके दगावल्याचे 1996 मध्ये प्रसिद्ध झाले.

यावरून ताम्रपात्रातील पाणीही वर्ज्य ठरते काय? तसे नाही. बंगळुरू येथील संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ताम्रपात्रात 16 तास ठेवलेल्या पाण्यात अतिसारकारक जंतू नष्ट झाले आणि ताम्राचे प्रमाण लिटरला सुमारे 0.18 मि.ग्रॅ. राहिले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मि.ग्रॅ. आहे. साधे पाणी आणि अम्ल वा दूध यांतील हा भेद आपण रुग्णास समजावून सांगितला पाहिजे. ताम्रपात्रातील पाण्यात लिंबू पिळून रात्रभर ठेवणारे उत्साही रुग्ण आपल्याकडे येतातच.

८. चिकित्सक व फार्मसीचालकांसाठी

आसव-अरिष्टे बिघडून शुक्तत्व पावतात तेव्हा त्यांत ॲसिटिक अम्लच तयार झालेले असते. साठवणटाकीची तोटी पितळेची असेल, तर तोटीत अडकलेल्या द्रवात जंगाल तयार होते व पहिल्या काही बाटल्यांत ते उतरते. आसवे, कांजी, शिरका व फलाम्लयुक्त काढे यांसाठी काच, चिनी माती किंवा चांगल्या प्रतीचे स्टीलच वापरावे आणि तोट्याही तपासाव्यात.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 च्या अनुसूची ई(1) मध्ये तुत्थाचा तसेच पारदाचा समावेश आहे. अशी द्रव्ये असलेल्या आभ्यंतर औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ही सूचना बारीक अक्षरांत लपविण्याची वस्तू नव्हे.

बालके, गर्भिणी, यकृतविकारी आणि विल्सन व्याधीचे रुग्ण यांना ताम्रकल्प देऊ नयेत. कुटुंबात अल्पवयात यकृतविकार झालेला असल्यास तो इतिहास आवर्जून विचारावा. मोरचूद पोटात गेलेला रुग्ण आल्यास वांती करविण्यात वेळ दवडू नये. निळसर हिरवी वांती, मूत्राचा गडद रंग, कावीळ ही रक्तकणांच्या नाशाची व यकृत-वृक्कांवरील आघाताची लक्षणे असू शकतात. अशा रुग्णास तत्काळ मेडिकल किंवा मेयोसारख्या सुसज्ज रुग्णालयात पाठविणे हेच आपले कर्तव्य होय. विषबाधेत वामक म्हणून मोरचूद देण्याची जुनी रीत आधुनिक वैद्यकानेही याच कारणाने सोडून दिली. औषधच नवे विष ठरत होते.

उपसंहार

रसाचार्यांनी ताम्राचे दोष लपविले नाहीत. ते आधी सांगून मग शोधन, मारण, अमृतीकरण व परीक्षा यांचा क्रम घालून दिला. आपल्या हाती त्यांच्या दह्याबरोबर अमोनिया आहे, लोखंडी खिळा आहे आणि शहरात प्रयोगशाळाही आहेत. परीक्षा न करता ‘ग्रंथोक्त’ असा शिक्का मारणे हे ग्रंथाशीच केलेले वैर ठरेल. प्रत्येक घाणीची परीक्षा करावी, दिनांकासह तिची नोंद ठेवावी, आणि अनुत्तीर्ण घाणी, तिच्यावर कितीही खर्च झालेला असो, पुन्हा गंधकयोगाने पुटासाठी परत पाठवावी. खरेदी करणाऱ्या वैद्यमित्रांनीही फार्मसीकडे ही नोंद निःसंकोचपणे मागावी. आणि तीही न मिळाल्यास आपल्या चिकित्सालयात तीन वाट्या मांडाव्यात. त्यास एक दिवस आणि दोन चमचे दही यांहून अधिक काही लागत नाही. इत्यलम्.